काळीतला पैसा पांढरीत का येत नाही?

(तेल्हारा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय घराचा आहे. कर्जमुक्तीचा नाही, भावाचा नाही, घराचा. पुष्कळांना वाटेल, घराचे काय बोलायचे? ज्याची ऐपत असेल तो बांधेल, नसेल तो थांबेल. पण आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा आणि ज्या घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार लेकरे आणि म्हातारी माय दोन खोल्यांत राहतात, तिथे विचारा, 'भाऊ, घर कधी काढता?' उत्तर ठरलेले आहे. 'यंदा नाही, पुढच्या साली पाहू.' हे उत्तर मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांच्या वडिलांनीही हेच उत्तर दिलेले असते. दोन पिढ्या 'पुढच्या साली' राहतात, याचा अर्थ हा प्रश्न एका माणसाच्या आळसाचा नाही. याचा हिशेब मांडला पाहिजे.

आपल्या वऱ्हाडात जुने लोक जमिनीचे दोन भाग सांगत. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. काळीत पिकवायचे आणि पांढरीत नांदायचे. पांढरीच्या मातीच्या भिंती, वर धाबे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला धाब्यावर खारी माती टाकायची, अशी घरे आपल्या आजोबांनी बांधली. तेव्हा माती विकत नव्हती, लाकूड शेतातले होते, मदतीला भाऊबंद होते. आज सिमेंट, लोहा, विटा, रेती, मिस्त्री, सगळे रोखीने. घर बाजारात गेले. माल मात्र आपण आपल्या भावाने विकू शकत नाही. सिमेंटची थैली कंपनीच्या भावाने घ्यायची आणि कापसाचा क्विंटल व्यापाऱ्याच्या भावाने द्यायचा, या दोन भावांच्या मध्ये आपले घर अडकले आहे.

हिशेब मांडू

एक कुटुंब धरू. पाच एकर कोरडवाहू. तीन एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन. नवरा-बायको दोघे राबणारे. कपाशी एकरी सहा क्विंटल धरली तर अठरा क्विंटल, सोयाबीन एकरी पाच धरले तर दहा क्विंटल. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये जाहीर झाला. समजा आपल्या माणसाने कापूस ७,००० ला आणि सोयाबीन ४,३०० ला दिले. कापसाचे आले १ लाख २६ हजार, सोयाबीनचे ४३ हजार. एकूण १ लाख ६९ हजार. बियाणे, खत, फवारा, निंदण, वेचाई, नांगरटी धरून कपाशीला एकरी २२ हजार आणि सोयाबीनला १६ हजार खर्च धरा. ९८ हजार गेले. राहिले ७१ हजार. महिन्याला सहा हजारसुद्धा नाहीत. यात दोघांची स्वतःची मजुरी धरलेली नाही.

आता तूट पाहा. कापसाच्या क्विंटलमागे ७१० रुपये कमी, अठरा क्विंटलचे १२,७८०. सोयाबीनच्या क्विंटलमागे १,०२८ कमी, दहा क्विंटलचे १०,२८०. एका वर्षात २३,०६० रुपये. आणि हमीभाव म्हणजे काही रास्त भाव नव्हे. सरकारने स्वतःच तोंडाने कबूल केलेला तो किमान भाव आहे. त्या किमान भावापर्यंतही पोचलो नाही, त्याची ही तूट. त्याच २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरी आला तेव्हा दार उघडे होते.

हा एका सालचा अपघात नाही. २०१८ मध्ये ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर संस्था यांनी मिळून अहवाल काढला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात खत-वीज-पाण्याच्या सगळ्या सबसिड्या जमेला धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळणारा आधार सरासरीने उणे १४ टक्के निघाला. शरद जोशी 'उणे सबसिडी' म्हणत, ती हीच. कोणी विचारले की शेतकऱ्याच्या घराच्या विटा कुठे गेल्या, तर त्या या १४ टक्क्यांत गेल्या.

मधला माणूस

आता कोणी म्हणेल, सरकार घरकुल देते ना! देते. १९८५-८६ पासून इंदिरा आवास होती, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. सपाट भागात १ लाख २० हजार, वर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, संडाससाठी १२ हजार. राज्य शासनाने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. ज्याला मिळते त्याने जरूर घ्यावे. ती भीक नाही, आपल्याच घामाची उणे सबसिडी थोडी परत येते आहे.

पण नियम वाचा. २०२४ मध्ये केंद्राने निकष थोडे सैल केले. मोटारसायकल किंवा फ्रिज असला तरी आता चालते, उत्पन्नाची मर्यादा महिना १० हजारांवरून १५ हजार केली. मात्र ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा जास्त, तो बाद. ज्याचे ओलीत अडीच एकर किंवा जास्त, तो बाद. ज्याची कोरडवाहू पाच एकर किंवा जास्त, तोही बाद.

आपण आता ज्याचा हिशेब केला तो पाच एकरवाला बाद झाला. दोन-तीन एकर कपाशीचे पीककर्ज घेतले की ५० हजारांची रेघ ओलांडली जाते. बँकेतून रीतीने कर्ज घ्या असे सरकार सांगते, आणि घेतले की त्याच कर्जाला श्रीमंतीचा पुरावा धरते! कर्ज हे संपत्ती मानणारा हा एकच नियम मी पाहिला.

दुसऱ्या बाजूला पगारदाराकडे पाहा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला घरासाठी २५ लाखांपर्यंत अग्रिम मिळू शकते. त्याच्याबद्दल माझा राग नाही. त्याचे वेतन ठरलेले, म्हणून त्याचा हप्ता ठरलेला. आपल्याकडे वेतनाची चिठ्ठी नाही, म्हणून घराचे कर्ज नाही. गरीब यादीत आपण बसत नाही, बँकेच्या खुर्चीपुढे आपण बसत नाही. हा मधला माणूस आपल्या मेळाव्यात सगळ्यात जास्त आहे. तेव्हा लढाई चालू ठेवू, पण लढाई संपेपर्यंत लेकरांनी गळक्या टिनाखाली राहावे असे मी म्हणणार नाही. आज जे हातात आहे त्यातून काय करता येते तेही सांगतो.

घराला बलुतेदार करा

महिन्याला इतके शिलकीत टाका, हा सल्ला पगारदारासाठी आहे. आपल्याकडे पैसा महिन्याने येत नाही, खळ्याने येतो. सोयाबीनचा दसरा-दिवाळीला, कापसाचा वेचा-वेचाने फाल्गुनापर्यंत, तूर-हरभऱ्याचा शिमग्याच्या आगेमागे. पैसा आला त्या दिवशी दुकानदार, कृषी केंद्रवाला, हातउसनेवाला, सगळे दारात. त्यांचे देऊन जे उरेल ते घराला, असे म्हटले तर घराला काहीच उरत नाही.

जुन्या काळी खळ्यावर काय होत होते? सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचा वाटा रास घरी जाण्याआधी खळ्यावरच मोजला जाई. साल चांगले असो की वाईट, वाटा कमीजास्त होई पण निघे जरूर. तसे घराला बलुतेदार करा. चुकारा हातात पडला की दहातला एक भाग घराचा. १ लाख ६९ हजारांचे झाले १७ हजार. १९७२ नंतर कापूस एकाधिकार योजनेत आपल्या चुकाऱ्यातून सरकार भांडवल निधीसाठी कपात करून घेत होते. सरकारच्या भांडवलासाठी कपात सोसली, मग आपल्या भिंतीसाठी का नाही?

दुसरे, पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार. हे १२ हजार दोन-दोन हजारांनी येतात म्हणून चहा-पेट्रोलात जातात. ज्यांना ते मिळतात त्यांनी ते घराच्या खात्यात वळवावेत.

दोन्ही मिळून वर्षाला २९ हजार. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा २०२५ मधला ६.७ टक्के व्याजदर धरला तर पाच वर्षांत सुमारे १ लाख ६८ हजार होतात. चारशे चौरस फुटांचे साधे घर पंधराशे रुपये फुटाने ६ लाखांचे धरा. या वेगाने सव्वातेरा-साडेतेरा वर्षे लागतील. आणि ती २३,०६० ची तूट दरसाल भरून निघाली असती तर? पावणेनऊ-नऊ वर्षे. तूट आपल्या घराची साडेचार वर्षे खाते. बचत सुरू केली तेव्हा मुलगी आठ वर्षांची असेल, तर नऊ वर्षांनी ती नव्या घरात बसून बारावीचा अभ्यास करते. साडेतेरा वर्षांनी तिची पाठवणी जुन्याच घरातून होते. भावाचा प्रश्न आणि घराचा प्रश्न वेगळे नाहीत ते असे.

पैसा ठेवायचा कुठे

पहिले, घराचे खाते वेगळे आणि घरच्या बाईच्या नावाने. ज्या बँकेत नवऱ्याचे पीककर्ज थकले आहे, तिथेच त्याच्या बचत खात्यात घराचे पैसे ठेवू नयेत. थकबाकीत खाते अडकते. शिवाय बाईच्या हातचा पैसा पारावर खर्च होत नाही, हे इथे बसलेले सगळे भाऊ मान्य करतील.

दुसरे, जास्त व्याजाच्या मागे लागू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. भिशी फुटली की फुटली. डाकघर सरकारचे आहे. महिन्याची ठेव जमत नसेल तर हंगामाला एकरकमी मुदत ठेव करा, किंवा किसान विकास पत्र घ्या. बचत गटातल्या बहिणींनी गटातच 'घराची बचत' म्हणून वेगळी पावती ठेवावी.

तिसरे, पीककर्ज विटांत घालू नका. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्के पडते. ते घरात घातले की मुदतीत फिटत नाही, शून्य टक्के जाते, पुढच्या पेरणीला सावकार येतो. आणि एकर विकून घर बांधू नका. घर पोट भरत नाही, एकर भरते.

चौथे, लग्न. याच वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून सांगितले की कर्ज काढून सण आणि जेवणावळी करू नका. लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. आपण उलटे करतो. एका दिवसाच्या मांडवाला दोन खोल्यांचा पैसा घालतो आणि नवी सून जुन्या घराच्या पडवीत आणतो.

माती आणि पाणी

आता माझ्या मूळ धंद्याचे थोडे. घराचा पैसा जमवायला दहा वर्षे लागतात आणि दहा महिन्यांत भिंतीला भेग पडते, हे मी आपल्या भागात सारखे पाहतो. कारण मातीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ज्या भेगेत वैशाखात हात जातो, तीच भेग भिंतीवर चढते. जुने घर पांढरीवर होते. नवे प्लॉट काळीवर पडतात, कारण गावठाण भरले. मिस्त्री सांगेल, दोन फूट खोदले की झाले. ऐकू नका. मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत जा. लागत नसेल, आणि नदीकाठी तो लवकर लागत नाही, तर बोअर घेऊन खाली बुड रुंद केलेले काँक्रीटचे खांब आणि वर बीम, ही रीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी बसवली आहे. घराभोवती पाणी मुरू देऊ नका, मोरीचे पाणी लांब काढा.

दुसरे पाणी. तालुक्याचा सातपुड्याकडचा भाग गोड्या पाण्याचा, खालचा पूर्णेकडचा खारपाणपट्टा. खाऱ्या बोअरच्या पाण्याने कालवलेले काँक्रीट आतून लोहा खाते. लोह्याच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. शेताच्या पाण्याची तपासणी करतो तशी घराच्या पाण्याची करून घ्या. पाणी खारे निघाले तर वानच्या पाण्याचा टँकर घ्या. टँकरचे पैसे स्लॅब पुन्हा टाकण्यापेक्षा स्वस्त पडतात. स्लॅबला पाणी मारायचे ते किमान दहा दिवस, आणि तेही गोडेच.

तिसरे, टप्प्याने बांधा. पहिल्या पाच वर्षांच्या पैशात चारही खोल्यांचा पाया आणि जोते भरून घ्या. पुढच्या दोन-तीन हंगामांत दोन खोल्या उभ्या करून राहायला जा. विटा, दगड, चौकटी आधी घेऊन ठेवता येतात. सिमेंट घेऊन ठेवू नका, तीन महिन्यांत त्याची ताकद उतरते. ज्यांना घरकुल मिळाले त्यांनीही पायाचे पैसे हाताशी ठेवूनच काम काढावे. पुढचे हप्ते कामाचा फोटो गेल्यावर येतात, आणि हप्त्याची वाट पाहताना उधारीची वीट महाग पडते.

कागद

घर बांधले आणि कागद नसला तर ते घर अर्धेच आपले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का कागद नव्हे. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायची. ज्या गावात मोजणी झाली तिथे नकाशा पाहा, भिंतीची हद्द, अंगण, गोठा बरोबर दाखवले आहेत का ते तपासा, चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या. ज्या घराला मिळकत पत्रिका आहे, त्याच्यावर बँक कर्जाचा विचार करू शकते. पाच एकरवाल्याला बँकेचे दार उघडायला हीच एक किल्ली आज दिसते.

आणि नाव दोघांचे लावा. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, हजारो शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून दिली. २००३ मध्ये राज्य शासनाने घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचे ठरवले. वीस वर्षांवर काळ गेला, तरी किती उताऱ्यांवर बाईचे नाव आहे? कर्जापायी घरधनी गेला, आणि ज्या घराच्या विटा तिने डोक्यावर वाहिल्या त्या घरात तिला दिराच्या परवानगीने राहावे लागते, अशी घरे याच तालुक्यात आहेत.

काय करायचे

मागण्या दोनच ठेवू. किसान क्रेडिट कार्डाची अट आणि पाच एकर कोरडवाहूची अट घरकुलाच्या निकषांतून काढा. आणि आपला माल घरात असताना आयातीचे दार उघडू नका. बाजार खुला ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवा, आम्हाला निर्यातबंदी आणि गिरणीला खुली आयात असा एकतर्फी नको.

काम तीन प्रकारचे. प्रत्येक गावाने ज्यांची नावे या अटींमुळे गेली त्यांची यादी करावी, नाव, जमीन, कार्डाची मर्यादा एवढेच लिहून. यादी हातात असली की निवेदनाला वजन येते. दुसरे, या हंगामाच्या चुकाऱ्यापासून दहाव्या वाट्याचा नेम सुरू करावा. सगळ्यांना दहावा जमणार नाही. ज्याला विसावा जमेल त्याने विसावा काढावा, पण खळ्यावरच काढावा. तिसरे, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक भावाने नमुना ८ चा उतारा बरोबर आणावा. ज्यांच्या उताऱ्यावर बाईचे नाव नाही त्यांचे अर्ज त्याच बैठकीत भरून घेऊ. अर्ज लिहायला तीन-चार शिकलेली मुले बसवली आहेत. उतारा आणि दोघांचे आधार कार्ड, एवढे पुरे.